फाटकाबाहेर थांबवलेला निरीक्षक : एक खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. कामगार आयुक्त,
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य,
आणि राज्यातील विकसक व बांधकाम ठेकेदारांच्या संघटनांचे पदाधिकारी

महोदय,

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातले एक छोटेसे कलम, क्रमांक ४९, हा या पत्राचा विषय आहे. निरीक्षकाच्या कामात अडथळा आणणे, तपासणीसाठी वाजवी सोय करून न देणे, मागितलेले रजिस्टर दाखवायला जाणूनबुजून नकार देणे, एखादा माणूस निरीक्षकासमोर येऊ नये किंवा त्याची चौकशी होऊ नये अशी तजवीज करणे, हे सगळे या कलमाने गुन्हे ठरवले. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गेली अनेक वर्षे मी पुणे आणि आसपासच्या लेबर कॅम्पांमध्ये काम करते आहे. मजुरांची नोंदणी, मुलांची शाळा, अपघातानंतरची कागदपत्रे, अशी ती कामे. त्या अनुभवावरून सांगते, की हा गुन्हा साइटवर इतक्या सहजपणे घडतो की करणाऱ्याला आपण गुन्हा करतो आहोत याची जाणीवही नसते. फाटकावरचा वॉचमन सांगतो, साहेब आलेले नाहीत, आत सोडता येणार नाही. तो फोन लावतो आणि अर्धा तास निघून जातो. तेवढ्या वेळात मागच्या बाजूच्या पत्र्यातून पंचवीस-तीस माणसे बाहेर काढली जातात. त्यांना सांगितलेले असते, रस्त्यापलीकडे टपरीवर बसा, बोलावले की या. स्टोअरमधून हेल्मेट निघतात, वरच्या मजल्यावरचे सेंट्रिंगचे काम थांबते, लिफ्टच्या डक्टला घाईघाईने फळ्या मारल्या जातात. मग फाटक उघडते. चहा येतो. मस्टर मागितले की ते हेड ऑफिसला असते. मजुरांशी बोलायचे म्हटले तर मुकादम शेजारी उभा राहतो आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोच देतो. बिहार, झारखंड, छत्तीसगडहून आलेल्या त्या मुलाला मराठी येत नाही, मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच्या डोक्यावर असते आणि रात्री त्याच मुकादमाने दिलेल्या खोलीत झोपायचे असते. तो काय बोलणार?

यात कुणी निरीक्षकाला धक्काबुक्की केलेली नसते, की दमही दिलेला नसतो. म्हणून अहवालात 'अडथळा' असे काही उमटत नाही. 'मस्टर उपलब्ध झाले नाही, सादर करण्याबाबत कळवले आहे' एवढे वाक्य येते आणि प्रकरण पत्रव्यवहारात जाते. माझी पहिली तक्रार या वाक्याबद्दल आहे. कलम ४९ ला हाणामारीची गरज नव्हती. रजिस्टर न दाखवणे आणि कामगाराला समोर येऊ न देणे, या दोन्ही गोष्टी त्यात नाव घेऊन लिहिलेल्या होत्या. कायद्याने गुन्हा म्हटलेल्या कृतीला विभागाने गैरसोय म्हणून नोंदवायला सुरुवात केली, आणि बांधकाम क्षेत्र त्यातून जे शिकायचे ते शिकले.

आता वेळेबद्दल बोलते, कारण अडथळ्याचा हा प्रकार आपल्या नजरेतून पूर्णच सुटलेला आहे.

२९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि मुलांसह १५ जण गेले. ती वेळ मध्यरात्रीनंतरची होती. येरवड्यात ३ फेब्रुवारी २०२२ रोजी लोखंडी सळ्यांचा सांगाडा कोसळून बिहारचे पाच मजूर गेले, तेव्हा रात्र झाली होती आणि काम चालू होते. शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण मेले, ती ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधली रात्र. ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून सात मजुरांचा जीव गेला, तो १० सप्टेंबर २०२३ चा रविवार. या घटनांत कुणी निरीक्षकाला अडवले होते असे मी म्हणत नाही. त्या प्रकरणांचा न्याय न्यायालये करतील. माझे म्हणणे एवढेच आहे, की या चारही ठिकाणी मृत्यू आला तेव्हा सरकारी कार्यालये बंद होती.

कायद्याच्या कलम ४३ ने निरीक्षकाला 'वाजवी वेळी' आत जाण्याचा अधिकार दिला. साइटवर याचा अर्थ दहा ते सहा, सोमवार ते शुक्रवार असा केला जातो. रात्री गेले तर फाटक उघडत नाही, आणि न उघडल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही. जिथे रात्री स्लॅब भरला जातो, तिथे रात्रीची वेळ अवाजवी कशी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा कामगार तपासणीविषयक करार भारताने १९४९ मध्येच मान्य केलेला आहे. त्याचे १२ वे कलम म्हणते, की तपासणीस पात्र असलेल्या कामाच्या जागी निरीक्षकाला दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी, पूर्वसूचना न देता, मुक्तपणे प्रवेश करता आला पाहिजे. त्याच कराराचे १८ वे कलम सांगते, की निरीक्षकांना अडथळा आणण्याबद्दल पुरेशी शिक्षा देशाच्या कायद्यात असली पाहिजे आणि ती परिणामकारकपणे अमलातही आणली पाहिजे. अमलात आणण्याबद्दलचे ते अर्धे वाक्य गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षे आपली वाट पाहते आहे.

एक हजार रुपये. आजच्या पुण्यात एका गवंड्याची दिवसाची हजेरी त्याच्या आसपास जाते. ज्या ठेकेदाराला मजल्याला जाळी बांधायची नाही, कठडा घालायचा नाही, डक्ट झाकायची नाही, त्याला या सगळ्या खर्चापेक्षा फाटक बंद ठेवणे कितीतरी स्वस्त पडत होते. सुरक्षेच्या नियमांचे उल्लंघन सिद्ध झाले तर दंड दोन हजारांपर्यंत आणि ते उल्लंघन कुणाला दिसू दिले नाही तर एक हजारापर्यंत, अशी त्या कायद्याची रचना होती. लपवणे हे करण्यापेक्षा अर्ध्या किमतीत मिळत होते. कैदेची तरतूद दोन्हीकडे होती, पण अडथळ्यासाठी एखादा विकसक प्रत्यक्ष तुरुंगात गेल्याचे निदान माझ्या कानावर तरी आलेले नाही.

आणि ही हजार रुपयांची शिक्षा होण्यासाठीही खटला वेळेत दाखल व्हावा लागत होता. गुन्हा अधिकाऱ्याच्या निदर्शनास आल्यापासून तीन महिन्यांत तक्रार झाली नाही तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही, असे कलम ५५ म्हणत होते. तीन महिने कसे जातात ते मी पाहिलेले आहे. कारणे दाखवा नोटीस निघते. कंपनीचा वकील मुदत मागतो. मग उत्तर येते की आमचा या मजुरांशी संबंध नाही, काम पेटी ठेकेदाराला दिलेले आहे. पेटी ठेकेदाराला नोटीस जाते, ती 'पत्त्यावर नाही' म्हणून परत येते. मधेच अधिकाऱ्याची बदली होते. फाइल हलते तेव्हा मुदत संपलेली असते. नोटिसा पाठवणाऱ्याने काम केलेले असते, उत्तर देणाऱ्यानेही केलेले असते, आणि खटला मात्र उभाच राहत नाही.

रजिस्टर लपवल्याने काय होते, हे केवळ सुरक्षेपुरते पाहून चालणार नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी व्हायची तर मजुराला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. मस्टरवर नाव नसलेला माणूस ते कशाच्या जोरावर दाखवणार? बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्याच्या नावाने गोळा होतो. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम मजुरांच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हा देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमा झालेला होता आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. या तफावतीची कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक फाटकापाशी सुरू होते. शंभर माणसे राबत असताना कागदावर चाळीस दाखवली, की उरलेली साठ ना योजनेत येतात, ना विम्यात, ना अपघातानंतरच्या भरपाईत. त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती, बायकांचे बाळंतपणाचे साहाय्य, सगळे त्या न दाखवलेल्या रजिस्टरात अडकून राहते.

अपघातानंतर जे घडते त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण निरीक्षकाला अडवण्याचा सर्वांत निर्दय प्रकार तिथे पाहायला मिळतो. परांचीवरून माणूस पडतो. त्याला साइटच्या गाडीतून दवाखान्यात नेतात आणि तिथे सांगतात, घरी जिन्यावरून घसरला. तो दगावला तर शवविच्छेदन उरकताच रुग्णवाहिका गावाकडे निघते. सोबत एक चुलतभाऊ आणि पाकिटात काही रक्कम. इकडे तासाभरात परांची सोडलेली असते, रक्त धुतलेले असते, तुटलेली फळी भंगारात गेलेली असते. शेजारी काम करणारे चौघे दुसऱ्या साइटवर पाठवलेले असतात. निरीक्षक पोचतो तेव्हा त्याला अडवायची गरजच उरलेली नसते, कारण तपास करायला तिथे काही शिल्लक नसते. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे, पण त्यासाठी आधी मूळ गुन्हा मान्य व्हावा लागतो, आणि मूळ गुन्ह्याची नोंद 'अपघाती मृत्यू' या दोन शब्दांत मिटलेली असते.

१९९६ च्या कायद्यात पाच किंवा अधिक माणसे मेली तर महिन्याच्या आत चौकशी करणे बंधनकारक होते. त्याहून कमी असतील तर चौकशी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बांधकामावरचे बहुतेक मृत्यू एकेकटे येतात, हे साइटवर काम केलेला कुणीही सांगेल. एक माणूस डक्टमध्ये पडतो, एकाला विजेचा धक्का बसतो, एकजण खोदलेल्या मातीखाली दबतो. कॅमेरे पाचाच्या पुढे येतात, त्या कायद्यात सक्तीची चौकशीही पाचाच्या पुढे येत होती. त्या एकेकट्या माणसाच्या मृत्यूची जागा कुणी जपावी, असे त्या कायद्यात कुठेच नव्हते.

खाणींच्या बाबतीत मात्र तसे लिहिलेले होते. १९५२ च्या खाण कायद्यात कलम २३ सांगत असे, की जीवितहानी किंवा गंभीर इजा झालेली जागा निरीक्षक येईपर्यंत किंवा त्याने परवानगी देईपर्यंत जशीच्या तशी ठेवायची. मृतदेह काढणे, कुणाला वाचवणे, पुढचा अपघात टाळणे अशा कारणांचा अपवाद होता. निरीक्षक ७२ तासांत आला नाही तर काम पुन्हा सुरू करता येत असे. म्हणजे उद्योगाचे नुकसान नको याचीही काळजी त्यात घेतलेली होती. कोळशाच्या खाणीसाठी ज्यांना हे सुचले, त्यांचे वारसदार आज पस्तीस मजली टॉवरसाठी तेवढे करू शकत नाहीत, हे मला पटत नाही. महाराष्ट्राने बांधकामासाठी असा नियम करावा, ही या पत्रातली माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

विकसकांच्या संघटनांचे म्हणणे मला ठाऊक आहे. निरीक्षक पैसे मागतात, तपासणी हा छळ आहे, इन्स्पेक्टर राज परत आणू नका. यातला पहिला भाग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. लाच मागणारे निरीक्षक आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक निरीक्षकाचे कामही संशयित होते. पण फाटक बंद ठेवल्याने लाचखोर कधीच अडलेला नाही. त्याला आत यायचेच नसते, त्याचे काम फाटकावर होते. बंद फाटकाने अडतो तो वर चढून परांचीच्या गाठी पाहणारा. तपासणीत पारदर्शकता आणायची तर तिचा अहवाल उघडा करा. केंद्राने १६ ऑक्टोबर २०१४ रोजी श्रम सुविधा पोर्टल सुरू केले, तेव्हा संगणकाने निवडलेल्या आस्थापनांची तपासणी आणि ७२ तासांत अहवाल पोर्टलवर, अशी पद्धत आणली. त्यामागचा हेतू मला मान्य आहे. फक्त त्या अहवालात एक रकाना वाढवा : तपासणी पूर्ण करू दिली का? किती वेळ फाटकावर थांबवले, कोणते रजिस्टर दिले नाही, मजुराशी एकट्याने बोलता आले का? हा रकाना लोकांना दिसू लागला, की घर बुक करणाऱ्या माणसालाही कळेल आपण कुणाच्या इमारतीत राहायला जाणार आहोत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले आणि बांधकाम मजुरांचा जुना कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला. दंडाच्या रकमा वाढल्या आहेत, हे चांगले झाले. पण संहितेत गुन्हे तडजोडीने मिटवण्याचीही सोय आहे. ज्यात फक्त दंड आहे तिथे कमाल दंडाच्या निम्मी रक्कम, आणि एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ७५ टक्के रक्कम भरून प्रकरण संपवता येते. कागदपत्रांतल्या किरकोळ चुकांसाठी ही सोय समजू शकते. अडथळ्याच्या प्रकरणांना ती लागू करू नका. ज्याने तपासणीच होऊ दिली नाही त्याचा मूळ दोष किती मोठा होता हे कुणालाच माहीत नसते, मग त्याच्याशी तडजोड कशाच्या आधारावर करणार?

आणखी एक गोष्ट त्या जुन्या कायद्यात होती आणि ती मोलाची होती. निरीक्षकाशिवाय नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा किंवा संबंधित कामगार संघटनेचा पदाधिकारीही न्यायालयात तक्रार करू शकत असे. विभाग गप्प बसला तरी दार पूर्ण बंद होत नसे. नव्या व्यवस्थेत हा मार्ग बुजू देऊ नका. राज्याच्या नियमांमध्ये संघटनेची लेखी तक्रार आल्यावर ठराविक दिवसांत तपासणी करणे आणि ती अडवली गेली तर खटला दाखल करणे बंधनकारक करा. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे, असे ८१ क्रमांकाचा करार स्पष्ट सांगतो. इकडे मात्र तक्रारीची प्रत उत्तरासाठी मालकाकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी त्या मजुराचे बिऱ्हाड कॅम्पबाहेर पडलेले असते.

कामगार आयुक्त साहेब, मजुरांचे जबाब साइटवर घेणे बंद करा. ते रात्री कॅम्पमध्ये घ्या, मजूर अड्ड्यावर घ्या, रविवारी बाजाराच्या ठिकाणी घ्या. हिंदी, संथाली, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसे सोबत न्या. मुकादमाला त्या वेळी दूर ठेवणे हा निरीक्षकाचा हक्क आहे, तो वापरायला त्यांना सांगा, आणि वापरला म्हणून वरून फोन आला तर त्यांच्या पाठीशी उभे राहा. तरुण निरीक्षकांशी मी बोलले आहे. त्यातल्या काहींना खरोखर काम करायचे आहे. एका जिल्ह्याला मूठभर माणसे, गाडी नाही, सोबत पोलीस नाही, आणि अडथळ्याची नोंद केली की 'कशाला वाढवता' असा सल्ला मिळतो.

मंत्रिमहोदय, तो 'वरून येणारा फोन' आपल्या खात्याच्या हद्दीबाहेरूनही येतो, हे आपण जाणता. एखाद्या साइटवर निरीक्षकाला अडवल्याची नोंद झाली तर त्या प्रकल्पाच्या पुढच्या परवानग्या तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबतील, असे नगरविकास खात्याशी बोलून ठरवा. भोगवटा प्रमाणपत्राआधी अग्निशमन दलाचा दाखला लागतो, कारण उद्या राहायला येणाऱ्यांच्या जिवाची काळजी आपल्याला आहे. जो माणूस ती इमारत बांधतो त्याच्यासाठीही एक कागद लागला पाहिजे.

आणि विकसकांच्या संघटनांना एक थेट विनंती. वॉचमनला हुकूम तुमच्याकडून जातो. आपल्या सर्व सभासदांना एक परिपत्रक पाठवा : ओळखपत्र दाखवणाऱ्या कामगार निरीक्षकाला दिवसा-रात्री केव्हाही विनाविलंब आत सोडावे, मस्टरची प्रत नेहमी साइटवर ठेवावी, आणि त्या वेळी एकाही मजुराला बाहेर पाठवू नये. फाटकावर मराठीत आणि हिंदीत हा मजकूर लावा, खाली विकसकाचे नाव घाला. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. येत्या पावसाळ्याआधी हे करता येईल, कारण भिंती खचतात आणि खोदलेल्या कडा ढासळतात त्या त्याच महिन्यांत. परिपत्रक निघाले तर त्याची एक प्रत आमच्या संस्थेला पाठवा. आम्ही ती कॅम्पा-कॅम्पांत जाऊन, मजुरांच्या भाषेत वाचून दाखवू.

आपली,
बांधकाम मजुरांच्या वस्त्यांमध्ये काम करणारी एक कार्यकर्ती, पुणे